मदत हवी आहे: सरळ पट्ट्याच्या शेवटी कार्टचं इंजिन गुदमरतं, रेस सोडली की मात्र आरपीएम उतरत नाही

धागाकर्ता: तेलकट_हातमोजे

मंडळी, दोन आठवडे डोकं खाजवून झालंय, आता तुम्हीच काहीतरी सांगा.

जुनी घेतलेली कार्ट आहे. इंजिन १२५ सीसी टू-स्ट्रोक, वॉटरकूल्ड, रीड व्हॉल्व्हचं. कार्ब्युरेटर फ्लोटवाला, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलता येणारा. पहिल्या तीन-चार फेऱ्या एकदम झकास. इंजिन तापलं की नाटक सुरू. सरळ पट्ट्याच्या शेवटी साडेअकरा हजारांच्या आसपास अडकतं, कोणीतरी नाक दाबल्यासारखं. वळणाआधी पाय काढला की आरपीएम झटकन खाली यायला हवेत, तर ते वरच रेंगाळतात. थोडा वेळ पिटमध्ये थांबून परत निघालो की पुन्हा दोन फेऱ्या ठीक.

आतापर्यंत केलेले उद्योग: प्लग नवा, एअर फिल्टर धुतला, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, मेन जेट दोन नंबर मोठा टाकला. काडीचा फरक नाही. प्लग पांढरट दिसतोय. पेट्रोलमध्ये तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली.

फाटकी_गास्केट

तेल वाढवून बघा, ४० ला १ करा. इंजिन कोरडं चालत असेल.

धूरवाला

नको हो! तेल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिक्श्चर आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). दुखणं लीनचंच दिसतंय आणि औषधही लीनचंच देताय.

तेलकट हातमोजे, आधी एक काम करा: कार्ट चालवणं थांबवा. असंच दामटलंत तर पिस्टन एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला सिलिंडरला धरेल, मग जेटची चर्चा करायला इंजिनच उरणार नाही.

आणि प्लग पांढरा म्हणताय, तो बघितला कधी? रमतगमत पिटमध्ये येऊन काढलेला प्लग काही सांगत नाही. पूर्ण रेसवर असताना इंजिन बंद करायचं, तसंच घरंगळत थांबायचं आणि तिथेच प्लग काढायचा.

चौथा_गियर_नाही

जेट मोठा करूनही फरक पडला नाही, हीच खरी खूण आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल पुरेसं पोचतच नसेल तर जेट कितीही मोठा लावा, वाटी उलट लवकर रिकामी होईल. टाकीच्या श्वासनळीपासून सुरुवात करा. ती मुडपली असेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो, थोड्या फेऱ्यांनी पेट्रोल अडतं आणि थांबलात की हवा आत शिरून सगळं सुरळीत. तुमचं वर्णन बरंचसं जुळतंय.

तेलकट_हातमोजे

श्वासनळी तपासली, फुंकर आरपार जाते. तरी टाकीचं झाकण सैल ठेवून दोन फेऱ्या मारल्या (धूरवाला, रागावू नका), तेच रडगाणं.

धूरवाला

रागावलो आहे. पण यातून एक गोष्ट कळली. नुसतं पेट्रोल कमी पडत असतं तर पाय काढल्यावर आरपीएम असे लोंबकळत राहिले नसते. कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. क्रँकचे सील, रीडच्या खालची गास्केट, इनटेकचा रबर. प्रेशर टेस्ट करा: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करायचे, अर्ध्या बारपर्यंत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. घसरला तर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतील.

तेलकट_हातमोजे

केली. पल्स पाइप काढून तिथल्या निपलवर बूच लावलं, बाकी सगळं बंद केलं. पाच मिनिटं काटा हललासुद्धा नाही. सील ठणठणीत. आता?

चौथा_गियर_नाही

आता तो बूच काढा, राव! संशयिताला बाहेर बसवून चौकशी केलीत.

तुमचा पेट्रोल पंप क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीच्या) धडधडीवर चालतो. पिस्टन वर गेला की ओढ, खाली आला की दाब, त्यावर पंपाचा पडदा हलतो. ही धडधड पंपापर्यंत नेतो तो पल्स पाइप. त्याला चीर गेली की एका दगडात दोन पक्षी: पंपाला जोर मिळत नाही म्हणून वाटी रिकामी, आणि त्याच चिरेतून क्रँककेसमध्ये हवा म्हणून रेंगाळणारे आरपीएम. रबर तापून सैल पडलं की चीर उघडते, थंड झाला की मिटते. पाइप जागेवर ठेवून, पंपाकडचं टोक दाबून पुन्हा टेस्ट करा. पाइप गरम पाण्यात बुडवून घ्या आधी.

तेलकट_हातमोजे

साष्टांग नमस्कार. क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी चीर, वाकवल्याशिवाय दिसतही नव्हती. साबणाचा फेस नुसता उसळला.

नवा पाइप जाड भिंतीचा घेतला, आखूडही ठेवला. जुना मेन जेट परत बसवू ना?

धूरवाला

लगेच नको. पहिलं सत्र मोठ्याच जेटवर काढा, मग प्लग बघत एकेक नंबर खाली या. आता वाटी भरलेली राहील, त्यामुळे वरच्या आरपीएमला जरा फडफडेल. फडफडू दे, त्याने काही बिघडत नाही. आणि त्याआधी सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा. पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का? असले तर नख अडकतं का?

तेलकट_हातमोजे

दोन आहेत. एकात अडकतंय.

धूरवाला

मग सिलिंडर उतरवा. जेटचं नंतर बघू.