प्रतिसाद: रॅग्नरचा सापांचा खड्डा

'व्हायकिंग्ज' मालिकेच्या चौथ्या सीझनच्या १५ व्या भागात एला राजा व्हायकिंग नायक रॅग्नरला ज्यात टाकून मारतो, तो सापांचा खड्डा म्हणजे लेखकांचा उगाच भडकपणा, असं वर कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. तो खड्डा आइसलँडच्या जुन्या सागांमधलाच (वीरकथांमधलाच) आहे. म्हाताऱ्या डुकराचे हाल कळल्यावर पिल्लं (म्हणजे त्याचे मुलगे) कशी गुरगुरतील, हे रॅग्नरचं बोलणंही तिथलंच.

मला मात्र साप फारसे आठवत नाहीत, आठवतो तो साधूच्या वेशात गर्दीत उभा राहून बघणारा वेसेक्सचा राजा एकबर्ट. आदल्या भागात तो आणि रॅग्नर देव आहे की नाही यावर दोस्तांसारखे बोलत बसले होते, आणि आता हा! एकाही संवादाशिवाय एकबर्ट झालेल्या लिनस रोचनं तो प्रसंग खाल्लाय.

इतिहासाच्या नावानं बोटं मोडायचीच असतील तर तारखांवर मोडा. खरा एकबर्ट ८३९ मध्येच वारला, आणि एला ८६७ मध्ये यॉर्कला मारला गेला. शिवाय ७९३ ची इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठाची लूट आणि ८४५ चा पॅरिसचा वेढा, दोन्ही एकाच रॅग्नरच्या खात्यावर. बाकी रॅग्नर झालेल्या ट्रॅव्हिस फिमेलनंतर मालिकेत राम उरला नाही, हे मान्य. पुढे नेटानं बघितली ती रॅग्नरच्या मुलासाठी, आयव्हारसाठी.