शब्दचर्चा: 'डिस्कार्ड चेंजेस' म्हणजे 'रद्द करा' की 'टाकून द्या'?

प्रश्न: गिटसाठीच्या (प्रोग्रामच्या फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) एका साधनाचं मराठीकरण करतोय. 'डिस्कार्ड चेंजेस'ला शब्दांच्या यादीत 'बदल रद्द करा' दिलंय. चालेल, की 'पूर्ववत करा' बरं?

– 'रद्द करा' नकोच. त्याच चौकटीत शेजारी 'कॅन्सल'चं बटण असतं आणि त्यालाही आपण वर्षानुवर्षं 'रद्द करा'च लिहीत आलोय. वर प्रश्न 'बदल रद्द करायचे आहेत?' आणि खाली 'रद्द करा'. आता हे बटण बदल घालवणार की मला माघार घेऊ देणार? मी माघार समजून दाबलं आणि दुपारभराचं काम गेलं. कमिट (बदलांची इतिहासात नोंद) सोडाच, 'गिट ॲड'ही (बदल कमिटसाठी तयार ठेवणं) केलं नव्हतं, म्हणजे गिटकडे त्याची प्रतच नव्हती. 'ॲड' केलं असतं तर 'एफएससीके'ने (गिटचा साठा तपासणारी आज्ञा) शोधून काहीतरी हाती लागलं असतं. रेफलॉगचा (शाखा कोणकोणत्या कमिटवर होती याची नोंद) तर इथे उपयोगच नाही.

'पूर्ववत करा' हा 'अनडू'चा शब्द. मागे घेतलेलं पुन्हा पुढे नेता येईल, असा भरवसा त्यात आहे. इथे तो नाही. म्हणून मी 'बदल टाकून द्या' म्हणेन आणि 'कॅन्सल'ला 'राहू द्या'. मात्र 'बदल' हा शब्द गाळू नका. फाइल चुकून पुसली असेल तर बदल टाकून दिल्यावर ती परत येते, कारण पुसणं हाच तिथला बदल असतो.

– मग 'रिव्हर्ट'?

– तो वेगळाच ठेवा. सबव्हर्जनमध्ये (गिटसारखीच दुसरी प्रणाली) 'रिव्हर्ट' म्हणजे कमिट न केलेले बदल टाकून देणं. गिटमध्ये मात्र 'रिव्हर्ट' जुन्या कमिटच्या उलट बदलांचं नवं कमिट करतं, इतिहासातलं काही जात नाही. त्याला 'उलटवा' म्हणावं. दोन्हींना एकच शब्द लावला तर सबव्हर्जनची सवय असलेला माणूस हमखास फसेल. गिटमध्येही 'चेकआउट' शाखाही (कामाची वेगळी वाट) बदलतं आणि फाइलीतले बदलही घालवतं; फाइलींसाठी वेगळं 'रिस्टोअर' 2019 साली 2.23 आवृत्तीत आलं. 'रिस्टोअर' हे नाव फाइलीच्या बाजूने ठेवलंय: ती मूळ रूपात येते. बटणाने मात्र वापरणाऱ्याचं काय जाणार ते सांगावं.

– आणि गिटला अजून ठाऊक नसलेल्या नव्या फाइली?

– त्यांना 'रिस्टोअर' हात लावत नाही, 'क्लीन' लागतं. तिथे 'साफ करा' फार निरुपद्रवी वाटतं. 'नव्या फाइली पुसून टाका' असं स्पष्ट लिहा. आधी 'एन' पर्याय देऊन चालवलं तर काय काय जाईल त्याची नुसती यादी दिसते.

मन साशंक असेल तर 'स्टॅश' करावं, म्हणजे बदल तात्पुरते बाजूला ठेवावेत, नव्या फाइलींसकट हवं असेल तर 'यू' जोडून. नकोच ठरलं की नंतर 'ड्रॉप' करून ते टाकून द्यावेत. 'स्टॅश'ला 'बाजूला ठेवा' लिहा. 'जतन करा' नको, तो शब्द 'सेव्ह'ला आधीच दिलाय.