जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, गळका नळ: जोर लावू का?

प्रश्न: नौपाड्यात आजोबांच्या वेळचं बैठं घर आहे. मोरीतला नळ वॉशर बदलूनही गळतोय, थेट भिंतीजवळून. पाना लावला की आतला पाइप हलतो आणि आट्यांतून तांबूस भुगा पडतो. भिंत फोडायची नाहीये. काय करू?

उत्तर: दादा, जोर अजिबात नको, आतला एल्बो (वळणाचा जोड) तुटेल. भिंतीजवळून गळतंय म्हणजे वॉशरचा दोषच नाही, आटे गेलेत. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, गंज सैल करणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी एका पान्याने बाहेर दिसणारा पाइप घट्ट धरा, दुसऱ्याने नळ फिरवा. आटे तारेच्या ब्रशने घासा. मग नळाच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून त्यांवर टेफ्लॉन टेप (गळती थांबवणारी पातळ पट्टी) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. उलटा गुंडाळला तर नळ बसवताना सुटून येतो.

उत्तर: आधी धार बघा. बारीक असेल तर पाइप आतून गंजाने चोंदलाय, नवा नळ लावून काही होणार नाही. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) टाका, पण जीआयच्या जोडाला पितळी आट्यांचाच अडॅप्टर घ्या, प्लास्टिकचे आटे तडकतात. आणि गिझरच्या लाइनला साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) कृपया लावू नका, गरम पाण्याने मऊ पडतो.

प्रश्नकर्ता: धार बारीकच आहे, ताई. आता बाहेरून नवी लाइनच ओढतो.