स्नो मिकू नागपूरच्या उन्हात वाकली अन् चिकट झाली, काही उपाय आहे का?

संत्राबर्फी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा हसण्यासारखा आहे पण माझा जीव खालीवर होतोय. माझ्याकडे सहा नेंडोरॉइड आहेत, म्हणजे मोठ्या डोक्याच्या छोट्या जपानी प्लॅस्टिक बाहुल्या, सगळ्यात लाडकी स्नो मिकू, हात्सुने मिकू या जपानी व्हर्च्युअल गायिकेचं बर्फातलं रूप. मनीषनगरला टॉप फ्लोअरला राहतो, वर थेट गच्ची, आणि हॉलमधलं काचेचं शोकेस पश्चिमेच्या भिंतीला. मे महिन्यात वीस दिवस ताईकडे पुण्याला गेले, घर बंद, पडदे ओढलेले, म्हटलं ऊन तर लागणार नाही. परत येऊन बघते तर मिकूच्या दोन्ही पोनीटेल खाली ओघळल्यासारख्या, ती स्वतः पुढे झुकलेली आणि अंगाला हात लावला तर पाकात बुडवून काढल्यासारखी चिकट, त्यावर धूळ बसलेली, वरून माझ्या बोटाचा ठसा. शेजारची काळ्या बुटांची एक फिगर घसरून तिच्यावर टेकली होती तर पांढऱ्या स्कर्टवर करडा डाग पडलाय. हे सगळं निघतं का? आई म्हणते आता बाहुल्यांसाठी एसी लावायचा का घरात.
अजून एक, प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून ९०० रुपयांत एक साधी मिकू घेतली होती, ती तर आणलेल्या दिवसापासून ऑइलपेंटसारखी वास मारते. ती पण उन्हानेच खराब झाली असेल का?

वऱ्हाडी_ओटाकू:
अवं ताई, जी सप्पोरोच्या बर्फाच्या जत्रेसाठी दरवर्षी नवीन कपडे घालून येते तिले तू नवतपात बंद घरात कोंडून पुण्याले गेली, ती वाकणार नाही तं काय करन 😂
चिकटपणाचं टेन्शन घेऊ नको, माझ्या चार फिगरले झालं होतं. पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालते ते गरमीनं बाहेर सुटते अन् बंद काचेत हवा नाही तं तिथंच बसून राहते. कोमट पाणी घे, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, हळूहळू धू अन् सावलीत सुकव. गच्चीवर पापडासारखी वाळत घालू नको. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नको, डोळे पुसल्या जाईन अन् भूत दिसन. अन् सुकल्यावर परत चिकट वाटली तं दुसऱ्यांदा धू, माझ्या एकीले तीनदा धुवा लागलं.

बर्डीचा_बबन:
वरच्या भावाने धुण्याचं बरोबर सांगितलं, मी वाकण्याचं सांगतो. आधी पोनीटेल डोक्यातून काढून घे, त्या खुंटीवर बसवलेल्या असतात, ओढताना फिरवू नकोस, सरळ ओढ. चहाला ठेवतो तसं पाणी तापव पण उकळू देऊ नको, गॅस बंद करून दोनेक मिनिटं थांब, मग पोनीटेल वीस-तीस सेकंद बुडव, नरम झाली की हाताने पाहिजे तसा बाक दे आणि तशीच धरून लगेच थंड पाण्यात, फ्रिजमधल्या बाटलीचं घेतलं तरी चालतं. थंड होण्याआधीच सोडलीस की परत जैसे थे. एका झटक्यात नाही झालं तर तीन-चारदा कर. चेहरा मात्र गरम पाण्यात घालू नको, डोळे छापलेले असतात, उगाच रिस्क कशाला.
आता ती झुकली का, तर नेंडोरॉइडची उंची जेमतेम १० सेंटिमीटर, त्यात जवळपास अर्धं डोकंच, आणि हे सगळं वजन बारक्या मानेवर अन् दोन पायांवर. म्हणून तर सोबत स्टँड येतो, पाठीच्या भोकात त्या स्टँडचा हात नीट बसवायचाच, बरेच जण फोटो छान दिसत नाही म्हणून काढून ठेवतात आणि मग असं रडतात. मिकूचं तर विचारूच नको, त्या केसांचंच वजन किती. माझी २००८ ची पहिली मिकू आहे, नेंडोरॉइड मालिकेतली ३३ नंबरची, तिला मी मार्च ते जून पोनीटेल काढून डब्यात ठेवतो, टक्कल पडल्यासारखी दिसते बिचारी पण वाकत नाही.
आणि मनगटाचे सांधे गच्च झाले असतील तर जोर लावू नको, हेअर ड्रायरने दहा सेकंद ऊब दे मग हलव. ती खुंटी तुटली ना की अर्धा तुकडा हातातच अडकून बसतो आणि मग चिमट्याने काढत बस. अनुभवावरून बोलतोय.

धरमपेठची_मावशी:
बाई ती ९०० वाली उन्हाने खराब झालेली नाही, ती मुळातच नकली आहे असा माझा अंदाज. डब्यावर नेंडोरॉइड बनवणाऱ्या गुड स्माइल कंपनीचं नाव-लोगो आहे का बघ. चेहऱ्याची कातडी तेल लावल्यासारखी चमकते का, केसांवर साच्याची रेघ दिसते का, पुढचे केस काढून चेहरा बदलायला गेलीस तर फट राहते का? खऱ्याची किंमतच आजकाल तिकडे पाच-सात हजार येन असते, त्यावर इथला खर्च, मग ९०० मध्ये स्टॉलवाला काय समाजसेवा करतोय का. तिच्या रंगात काय मिसळलंय देव जाणे, घरात लहान लेकरू असेल तर तिच्यापासून लांबच ठेव.

संत्राबर्फी:
मावशी तुम्ही समोर बसून बघितल्यासारखं लिहिलंय 😭 डब्यावर लोगोच नाही. केसांवर रेघ आहे. आणि चेहरा बदलताना पुढचे केस बसतच नाहीत, मला वाटायचं माझ्याच हाताला जमत नाही. मग खऱ्या घ्यायच्या कुठून म्हणजे परवडेल?

बर्डीचा_बबन:
कंपनीच्या साइटवर पार्टनर दुकानांची यादी असते त्यातलं बघ. आणि प्रीऑर्डरची सवय लाव, हे लोक आधी ऑर्डर घेतात, मग बनवतात, सात-आठ महिन्यांनी वस्तू येते, त्यातही तारीख पुढे ढकलतात. चुकली तर हळहळू नको, लोकप्रिय असेल तर पुन्हा काढतात, मिकूच्या कितीतरी परत निघाल्यात. बाहेरून मागवशील तर ड्यूटी आधी धरूनच हिशोब कर, खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी सरकारने २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली होती आणि २०२३ मध्ये ७०. ऑर्डर करशील त्या दिवशीचा दर तपासून घे. माझं एक पार्सल आलं तेव्हा कुरिअरवाल्याने ड्यूटीचा जो आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली एवढ्यात माझं पैठणीचं बघा.

इतवारीचा_नंदी:
मी हा जपानी प्रकार जमवत नाही, पोरीमुळे इथे वाचतो. पण आमच्याकडे वडिलांपासून तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी रंगवतो, म्हणून डागाचं सांगतो. गडद रंग फिक्याला टेकला आणि गरमी असली की रंग आत शिरतो, तो साबणाने निघत नाही, घासून घासून वरचा रंग मात्र जाईल. पोरीच्या बाहुलीला असाच डाग होता तर तिने पिंपल्सची बेन्झॉईल पेरॉक्साईडची मलम काडीने नुसत्या डागावर लावली, वरून प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला, खिडकीशी ठेवली, रोज पुसून परत लावली, पाच-सहा दिवसांत फिकटला. पण तिचा तो भाग बिनरंगाचा, नुसत्या प्लॅस्टिकचा होता. तुमच्या स्कर्टवर रंग मारलेला असेल तर तोही उडेल, आधी मागच्या बाजूला लपलेल्या जागी लावून बघा.
बाकी बबनभाऊ, डब्यात ठेवण्याचं मला पटत नाही. आमच्याकडे पोळा झाला की नंदी परत फळीवर येतो, पोरं हात लावतात, शिंग तुटतं, मी चिकटवून देतो. पोरांसोबत दारोदारी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघाला नाही तो नंदी काय कामाचा.

बर्डीचा_बबन:
काका तुमचा नंदी सागवानाचा आहे हो, ४६ डिग्रीत उभा राहील. माझी प्लॅस्टिकची आहे 🙏

वऱ्हाडी_ओटाकू:
ताई शोकेस पश्चिमेच्या भिंतीवरून हटव पयले. अन् लोखंडी कपाटावर नको ठेवू, ते तव्यासारखं तापते. खालच्या कप्प्यात, आतल्या खोलीत, काच थोडी उघडी. कूलरच्या तोंडासमोर पण नको, खस ओली असली का धूळ अन् दमट हवा दोन्ही येते.

संत्राबर्फी:
अपडेट देते. दोनदा धुतली, चिकटपणा गेला, हात लावला तर आता कोरडं लागतं. पोनीटेल चार वेळा पाण्यात घातल्या, डावी एकदम झकास, उजवी अजून जराशी खाली आहे, मी तिला तशीच सोडली कारण पाचव्यांदा घालायची हिंमत नाही. डागावर मलम लावून आज तिसरा दिवस, करड्याचा फिका राखाडी झालाय, स्कर्टच्या मागच्या बाजूला आधी तपासलं होतं काका, रंग नाही उडाला. नकली मिकू डब्यात घालून बाल्कनीत ठेवलीय, वास अजून येतो.
शोकेस आतल्या खोलीत नेलं. आईने पुसून दिलं आणि माझा दुसरीतला तान्ह्या पोळ्याचा नंदी, एक शिंग तुटलेला, खालच्या कप्प्यात मिकूच्या बाजूला ठेवून गेली. विचारलं तर म्हणे, हिच्या पाठीला काठी लागते, हा तरी आपला आपला उभा आहे.