पिट्सबर्गमध्ये बसने दोन वर्षं काढली
'अमेरिकेत गाडीशिवाय पान हलत नाही' असं म्हणतात, ते उपनगरांपुरतं शंभर टक्के खरं. पण पिट्सबर्गला शिकायला होतो तेव्हा माझं दोन वर्षं बसवर मजेत भागलं. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर प्रवास फुकट (म्हणजे पैसे फीमध्येच आधी कापलेले!). ६१सी नंबरची बस पकडायची, स्क्विरल हिल या वस्तीत उतरायचं, किराणा घेऊन परत.

कंडक्टर नाही. रोख द्यायची तर पेटीत नेमके पैसे टाकायचे, सुटे परत मिळत नाहीत. उतरायचं असलं की खिडकीपाशी लोंबणारी दोरी ओढायची. व्हीलचेअरवालं कुणी आलं की ड्रायव्हर फळी खाली सोडतो, जागेवरून उठून चाकं पट्ट्यांनी बांधतो, आणि तोवर कुणी चकार शब्द काढत नाही. उतरताना बहुतेक जण मागच्या दारातूनही ओरडून 'थँक्यू' म्हणतात. पुण्यात पीएमटीच्या बसमध्ये चार वर्षं लोंबकळलेल्या मला याचं फार अप्रूप.

तिथला ईस्ट बसवे तर १९८३ पासून आहे. रेल्वेरुळांना लागून फक्त बससाठी रस्ता, त्यामुळे कुणी मध्ये घुसायचा प्रश्नच नाही. रविवारी मात्र बस तुरळक. बर्फात थांब्यावर अर्धा तास उभं राहिलं की गाडीवाल्यांचा हेवा वाटायचाच.