उत्तर: धुतल्यावर वाकळीत गोळे का होतात?

वर विचारलंय की आजीच्या वाकळी (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) वर्षानुवर्षं टिकल्या, मग नवी वाकळ दोन धुण्यांतच गोळा का झाली. दोष बहुतेक टाक्यांचा नसतो, कापडाचा असतो. आतल्या पदरात, म्हणजे थरात, नायलॉन-पॉलिस्टरची साडी घातली की ती घसरते. सुती कापड दोऱ्याला धरून राहतं. दुसरं म्हणजे कोरं कापड न धुता लावणं. ते नंतर आटतं, जुनं आटत नाही, आणि चुण्या पडतात.

एका नऊवारी सुती लुगड्याचे साडेसहा फुटी चार तुकडे निघतात, रुंदी तेवढीच ठेवायची. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अंथरायला एवढे चार पदर पुरे, थंडीसाठी सहा-सात. विरलेला भाग मधल्या पदरात टाकावा, काठ मात्र बाहेर.

खरी मेख टाचण्यात आहे. पदर फरशीवर ताणून चार कोपऱ्यांवर पाट-वरवंटा काहीही जड ठेवा. मग मधून कडेकडे, वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घाला. हे न करता कडेने गोल फिरत आत आलात, तर सगळा झोळ मध्यावर जमतो आणि तिथं पोट येतं. ते मग उसवल्याशिवाय जात नाही.

मग धावदोरा घाला. दोरा दुहेरी, दीड हातापेक्षा लांब नको, गुंततो. दोन ओळींत दोन बोटं अंतर. गाठ पदरांच्या आत दडवा, वर राहिली तर घासून तुटते. कच्चे टाके शेवटी काढायचे.

मशीनवर मारली तरी चालते, पण मऊपणा जातो.