महेश्वरचा राजवाडा इतका साधा का?

तुळई
महेश्वरला घाटावर उभं राहून वर पाहिलं की किल्ल्याचे बुरूज, देवळांची शिखरं, रुंद दगडी पायऱ्या दिसतात. वाटतं, वर राजवाडाही असाच असणार. प्रत्यक्षात समोर येतो लाकडी खांबांचा कौलारू वाडा. ओसरीवर अहिल्याबाईंची गादी, जवळच देवघर. माळव्याचा कारभार खरंच इथून चालायचा? की मूळ वाडा मोठा होता आणि पडला? ‘साधी राहणी’ हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण बांधकामाच्या अंगानं कुणी सांगेल का?

जोते_आणि_खांब
साधी राहणी खरीच, पण तेवढ्यावर थांबू नका. मी जुन्या वाड्यांची दुरुस्ती करत आलोय, त्यामुळे माझी नजर आधी जोत्याकडे, म्हणजे इमारतीच्या खालच्या चौथऱ्याकडे जाते. मराठ्यांची रीतच अशी होती: किल्ला, घाट आणि देऊळ दगडात, माणसांचं राहणं लाकूड-विटांत. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. पेशव्यांचं घर, तरी 1828 च्या आगीनंतर उरले ते तट, दरवाजे आणि जोती. वरचं सगळं लाकूडकाम जळून गेलं.

महेश्वरला या रीतीला नदीची जोड मिळाली. नर्मदा पावसाळ्यात केवढी चढते ते काठच्या माणसाला विचारा. पाण्याचा मार जिथे बसतो तिथे दगड हवाच. म्हणून खाली घाट आणि तट दगडी. वाडा उंचावर, पुराच्या हाताबाहेर, त्यामुळे तिथे लाकूड चालतं. खांब तळखड्यावर (खालच्या दगडी बैठकीवर) उभा, त्यावर तुळई (आडवं जाड लाकूड), वर पाटणी (फळ्यांची तक्तपोशी) आणि मधे उजेड-वारा आणणारा चौक. निमाडच्या उन्हाळ्यात राहायला मला हीच रचना योग्य वाटते.

शिवाय पैसा कुठून येई तेही बघा. होळकरांकडे खासगी आणि दौलत असे दोन वेगळे हिशेब होते. देवळं, घाट, धर्मशाळांचा खर्च खासगीतून, फौजेचा दौलतीतून. 1767 मध्ये अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव वारले आणि कारभार बाईंच्या हाती आला. 1795 पर्यंत त्यांनी खासगीतून काशी, सोमनाथ, गया इथे बांधकामं केली. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ 1780 चं, त्यांचंच. ज्या बाईंनी एवढं बांधून घेतलं त्यांना स्वतःसाठी मोठा महाल उभारणं अवघड नव्हतं. तो उभारला नाही हा त्यांचा निर्णय होता, आणि मला तो फार मोठा वाटतो.

राजवाडा_चौक
मी इंदूरची. आमचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीत जळला, नंतर पुन्हा उभा केला. खान नदीकाठचा लालबाग पाहिलात तर होळकरच आहेत यावर विश्वास बसणार नाही, फाटकं थेट बकिंगहॅमच्या धर्तीची! महेश्वर यातून वाचलं, कारण इंग्रजांशी झालेल्या 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि नवं बांधायचं ते इथे बांधलं गेलं.

तुळई
दोघांचेही आभार. मग घाटालगतचं ते कोरीव देऊळ बाईंनी बांधलेलं नाही का?

जोते_आणि_खांब
अहिल्येश्वर म्हणत असाल तर नाही. ती त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, त्यांच्या निधनानंतरचं. समोर यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी होळकर यांची छत्री आहे. 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात त्यांना हत्तीच्या पायी दिलं. त्या दोन्ही जागा सावकाश बघा.

वाड्याच्या बाकी भागात होळकर वंशजांनी हॉटेल केलंय. लोक त्यावर नाराज असतात, मी नाही. लाकडी वाड्यात माणसांचा वावर हवा. पावसाळ्याआधी शाकारणी (कौलांची डागडुजी) चुकली की पाणी थेट तुळईच्या टोकात शिरतं, आणि टोक कुजलं की खण, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, खाली येतो. बंद ठेवलेले किती वाडे असे गेलेले मी पाहिलेत. पुढच्या खेपेला ओसरीवर उभं राहून खांब आणि तळखडा भिडतात तो सांधा बघा. दगड ओलीला लाकडापासून दूर ठेवतो, म्हणून खांब टिकतात.